हुस्कवार्ना : पाणचक्क्यांचे गाव आणि धबधब्याच्या मालकीचा इतिहास

सरोवरकाठ

स्वीडनच्या दक्षिण भागात, स्मोलांडच्या पठाराच्या पायथ्याशी, वेत्तेर्न हे लांबट, खोल आणि थंडगार पाण्याचे सरोवर आहे. त्याच्या दक्षिण टोकाला यॉनशॉपिंग शहर वसलेले असून त्याला पूर्वेकडून लागूनच हुस्कवार्ना हे लहान गाव आहे. १९११ मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला आणि १९७१ मध्ये ते यॉनशॉपिंगच्या नगरपालिकेत समाविष्ट झाले. नोकरीनिमित्त माझे वास्तव्य याच परिसरात आहे. आपल्याकडे हे नाव मोटारसायकलींमुळे किंवा लाकूड कापण्याच्या यंत्रकरवतींमुळे ठाऊक झालेले आहे. त्या नावामागे एक नदी, एक धबधबा आणि धान्य दळणारी एक पाणचक्की आहे, हे मात्र इथल्या पर्यटकांच्याही सहसा लक्षात येत नाही.

गावाचा इतिहास सांगणारे बहुतेक जण १६८९ पासून सुरुवात करतात, कारण बंदुकांच्या कारखान्याचे ते स्थापनावर्ष मानले जाते. माझ्या मते ही सुरुवात उशिराची आहे. हुस्कवार्ना या नावाचा अर्थच ‘गढीजवळची चक्की’ असा होतो. ज्या गढीचा हा उल्लेख आहे ती रुमलाबोर्ग, नदीच्या मुखाजवळ चौदाव्या शतकात उभी होती आणि १४३४ मधील एंगेलब्रेक्टच्या बंडात ती उद्ध्वस्त झाली. आज तिथे गवताने झाकलेला उंचवटा तेवढा दिसतो. गढी गेली, सत्ताधीश बदलले, पण वरच्या अंगाला पाणी पडतच राहिले आणि चक्की चालतच राहिली. त्यामुळे ‘बंदुकांचे गाव’ ही ओळख मला अपुरी वाटते. पाणी कोणाच्या मालकीचे होते आणि त्या मालकाने त्याच्याकडून कोणते काम करून घेतले, या प्रश्नाच्या अंगाने पाहिले तर या गावाची सगळी शतके एका सूत्रात येतात, आणि त्यासाठीच या मंचावर हा धागा काढत आहे.

आधी जागेविषयी. हुस्कवार्ना नदी पठारावरून येते. तिच्या वाटेत अनेक तळी आहेत आणि ती पावसाचे व वितळलेल्या बर्फाचे पाणी साठवून धरतात, म्हणून नदीचा प्रवाह आसपासच्या लहान ओढ्यांइतका लहरी नाही. शेवटच्या टप्प्यात ती अरुंद घळीतून पायऱ्यापायऱ्यांनी खाली कोसळते आणि लगेच सरोवराला मिळते. बारमाही पाणी, थोड्या अंतरात मोठा उतार आणि माल नेण्यासाठी हाताशी असलेला जलमार्ग या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी मिळणे दुर्मीळ असते.

मध्ययुगात अशी जागा कोणी वापरावी यावर कायद्याचे लक्ष होते. तेराव्या शतकातील वेस्टरयोतलांड प्रांताच्या लिखित कायद्यात चक्क्यांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. पुढे देशभर रूढ झालेला एक नियम मला विशेष महत्त्वाचा वाटतो. नदीचा सर्वांत खोल भाग, म्हणजे साधारण एक तृतीयांश प्रवाह, मोकळा ठेवावा लागे. त्याला ‘राजाची धार’ म्हणत. त्या धारेत कोणालाही बांध घालता येत नसे, कारण मासे आणि नावा यांना वाट हवी होती. नदीकाठची जमीन ज्याची, त्याचा पाण्यावर हक्क, परंतु तो हक्क पूर्ण नाही, ही कल्पना इतकी जुनी आहे.

आता सतराव्या शतकाकडे येतो. स्वीडनचा राजा गुस्ताव दुसरा अडॉल्फ याच्या सततच्या लढायांना दोन गोष्टी हव्या होत्या, शस्त्रे आणि पैसा. १६२० मध्ये यॉनशॉपिंगला सरकारी बंदूक कारखाना सुरू झाला आणि १६२५ मध्ये चक्कीवर दळल्या जाणाऱ्या धान्यावर कर बसला. शेतकऱ्यांना हा कर इतका जाचक झाला आणि त्याची वसुली इतकी अवघड ठरली की पुढच्याच दशकात त्याचे रूपांतर माणशी करात करावे लागले. पाण्याच्या चाकाशी राज्यसत्तेचा संबंध असा दोन्ही बाजूंनी आला.

यॉनशॉपिंगच्या कारखान्याची अडचण अशी होती की बंदुकीची नळी तयार करणे हे काम मनगटाच्या बळावर परवडत नाही. लोखंडाची लांब पट्टी तापवून ती गजाभोवती गुंडाळायची, कडा ठोकून सांधायच्या, मग आतून गिरमिटाने भोक सरळ आणि एकसारखे करायचे आणि शेवटी ओल्या शाणेवर, म्हणजे फिरत्या घासदगडावर, बाहेरून घासायची. यांतील ठोकणे, भोक पाडणे आणि घासणे ही तिन्ही कामे तासन्‌तास एकसारख्या जोराने करावी लागतात. त्या काळात असा जोर फक्त पडणारे पाणीच देऊ शकत होते. त्यामुळे ही कामे हळूहळू धबधब्याच्या कडेला सरकली. राजा कार्ल अकरावा याच्या काळात, एरिक डालबेर्ग हा प्रांताचा राज्यपाल असताना, या हलवाहलवीला राजाज्ञेचे रूप मिळाले आणि १६८९ हे वर्ष इतिहासात नोंदले गेले. ज्या पाण्यावर राय (गव्हासारखे एक धान्य) आणि जव दळले जात होते, त्याच पाण्यावर आता बंदुकीच्या नळ्या कोरल्या जाऊ लागल्या. धबधबा राजाच्या ताब्यात होता, म्हणूनच हे इतक्या सहज घडू शकले.

१७५७ मध्ये कारखाना खासगी मालकीत गेला आणि १८६७ मध्ये त्याची भागभांडवल कंपनी झाली. पुढची कथा अनेकांना ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. सैन्याची मोठी मागणी ओसरली तेव्हा १८७२ मध्ये शिवणयंत्रे आली, मग ओतीव लोखंडाच्या चुली व खिमा करण्याची यंत्रे, १८९६ मध्ये सायकली आणि १९०३ मध्ये मोटारसायकली. या विस्ताराच्या काळात, १८७६ ते १९११, विल्हेल्म ताम हा कारखान्याचा प्रमुख होता. लाकडी चाकांची जागा टर्बाइनने आणि मग विजेच्या जनित्रांनी घेतली. वस्तू बदलत गेल्या, तरी ऊर्जा तीच राहिली.

जाणकारांनी यात भर घालावी. धान्य दळण्याच्या बाजूविषयी मी मुद्दाम कमी लिहिले आहे.

दळणवाट

सरोवरकाठ, लेख मनापासून आवडला. माझे माहेर छत्रपती संभाजीनगरचे, त्यामुळे पाणचक्की म्हटली की बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची चक्कीच डोळ्यांसमोर येते. उत्तरेकडच्या डोंगरांतून मातीच्या नळांनी पाणी आणून ते उंचावरून खाली सोडलेले आहे आणि त्या झोताने आडवे चाक फिरते. चाकाचा उभा दांडा थेट वरच्या तळीला, म्हणजे जात्याच्या वरच्या दगडाला, जोडलेला असतो, मध्ये दातेरी चाके नाहीत. दर्ग्यावर येणाऱ्या फकिरांसाठी आणि प्रवाशांसाठी तिथे पीठ दळले जाई. लहानपणी आम्हाला त्या चाकापेक्षा हौदाचे जास्त आकर्षण होते, पण आता लक्षात येते की सगळी करामत पाणी आणणाऱ्या नहरीची होती.

माझा प्रश्न असा आहे की स्वीडनमध्ये सामान्य शेतकरी दळण कुठे दळत असे? गढीजवळच्या चक्कीवर प्रत्येकाला जाता येत होते का? आणि तिथेही अशी आडव्या चाकाची चक्की होती का?

सरोवरकाठ

दळणवाटताई, अगदी नेमका प्रश्न विचारलात. होय, तिथेही आडव्या चाकाची चक्की होती आणि खेड्यापाड्यांत तिचाच प्रसार अधिक होता. लहानशा ओढ्यावर लाकडी ओंडक्यांची एक खोली बांधत. खोलीच्या जमिनीखाली पाण्यात आडवे फिरणारे पंखे आणि त्यांच्या उभ्या दांड्यावर वरची तळी, म्हणजे तुम्ही वर्णन केलेली रचनाच. अशी चक्की बहुधा चार-सहा घरे मिळून बांधत आणि प्रत्येक घराची दळणाची पाळी ठरलेली असे. तिथे वेगळा चक्कीवाला नसे. आपले धान्य आपणच वैरायचे आणि आपणच थांबायचे.

या ओढ्यांची अडचण पाण्याची होती. हिवाळ्यात ते गोठत आणि उन्हाळ्यात आटत. भरवशाचे पाणी वर्षातून दोनदा मिळे, वसंतात बर्फ वितळताना आणि शरदाच्या पावसात. मध्य आणि पश्चिम स्वीडनमधील कडक, चपटी, मध्यभागी भोक असलेली रायची भाकरी त्याचाच परिणाम आहे. वर्षातून दोनदा दळायचे, लगोलग भाजायचे आणि त्या भाकऱ्या काठीत ओवून आढ्याखाली टांगून ठेवायच्या. पिठापेक्षा वाळलेली भाकरी अधिक टिकते. एका देशाच्या ताटाला ओढ्याच्या वेळापत्रकाने आकार दिला, याचे मला फार अप्रूप वाटते.

मोठ्या नदीवरच्या चक्कीची गोष्ट वेगळी होती. तिथे उभे चाक, दातेरी चाकांची जोडणी, दळणाच्या दगडांच्या दोन-तीन जोड्या आणि कायमचा चक्कीवाला असे. तो दळणावळीपोटी धान्यातलाच ठरावीक भाग काढून घेई. कायद्यानेही हा भेद मानला होता. एक चक्की फक्त घरच्या गरजेची आणि दुसरी मोबदला घेऊन इतरांचे दळणारी, आणि दुसऱ्या प्रकारच्या चक्कीवर करआकारणी होत असे. म्हणून हुस्कवार्नासारख्या ठिकाणची चक्की म्हणजे मालकासाठी नियमित उत्पन्नाचे साधन होती.

लोहभाता

यंत्र अभियांत्रिकीचा विद्यार्थी या नात्याने थोडी आकडेमोड मांडतो, कारण ‘बंदुका धबधब्याकडेच का आल्या’ याचे उत्तर त्यात आहे.

पडणाऱ्या पाण्याची शक्ती प्रवाह आणि उंची यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. दर सेकंदाला एक घनमीटर पाणी दहा मीटर खाली पडले तर सिद्धान्ततः सुमारे ९८ किलोवॉट शक्ती मिळते. लाकडी चाक त्यातला काही भागच पकडू शकते. जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्याने १७५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की खालून वाहत्या पाण्याने ढकलले जाणारे चाक सुमारे एक पंचमांश शक्ती वापरते, तर वरून पाणी घेणारे आणि त्याच्या वजनाने फिरणारे चाक सुमारे दोन तृतीयांश. स्वीडनमध्ये क्रिस्टोफर पोल्हेमने पाण्याच्या चाकांवरचे प्रयोग त्याच्याही अर्धशतक आधी, अठराव्या शतकाच्या अगदी आरंभी, केले होते.

आता ओढ्यावरच्या आडव्या चक्कीचा विचार करा. तिच्यातून फार तर एखाद्या घोड्याइतकी शक्ती मिळते. एका जोडीच्या संथ दळणाला ती पुरते, पण जड घण उचलायला पुरत नाही. शिवाय आडव्या चाकाचा दांडा उभा असतो, तर घण उचलण्यासाठी खुंट्या बसवलेला आडवा दांडा लागतो. तो खुंटीने घणाचा दांडा दाबतो, घण उचलला जातो आणि सुटला की आपल्याच वजनाने ऐरणीवर आदळतो. म्हणजे लोहारकामासाठी उभे चाकच हवे, उभ्या चाकाला पुरेशी उंची हवी आणि उंची धबधब्याजवळच मिळते. एकामागून एक अशा पायऱ्या असतील तर तेच पाणी वरच्या चाकावरून उतरून खालच्या चाकाला पुन्हा वापरता येते. हुस्कवार्नाच्या घळीचे खरे मोल या पायऱ्यांमध्ये आहे.

हिवाळ्याचा मुद्दाही लक्षात घ्यावा. उघड्यावरच्या चाकावर बर्फाचे थर साचले की त्याचा तोल बिघडतो आणि आरे मोडतात. म्हणून स्वीडनमध्ये चाके बहुधा लाकडी खोलीत बंदिस्त असत आणि तरीही कडाक्याच्या थंडीत पहाटे कुऱ्हाडीने बर्फ फोडावाच लागे.

अश्मक

इथे दगडाविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून मी लिहितो. चक्की पाण्याने चालते हे खरे, पण दळतो तो दगड.

वेत्तेर्नच्या पश्चिमेला, वेस्टरयोतलांडात, मारिएस्टाडजवळ लुंगनोसचा डोंगर आहे. मध्ययुगापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तिथे जात्याचे दगड काढले गेले. सुरुवातीला उघड्या खाणींतून आणि पुढे डोंगराच्या पोटात शिरून. तिथला खडक झिजलेल्या नाइस या जातीचा आहे. त्यातील फेल्स्पार हे खनिज कुजून मऊ, पांढऱ्या मातीसारखे झालेले आहे आणि त्यात गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, टणक कण रुतलेले आहेत. दळताना मऊ भाग आधी झिजतो आणि गारेचे कण वर उभे राहतात, त्यामुळे दगडाची धार बऱ्याच अंशी आपोआप टिकते. चांगल्या जात्याच्या दगडाला नेमका हाच गुण हवा असतो. आपल्या काळ्या पत्थराच्या जात्याला पाथरवट पुन्हा पुन्हा टाकी लावत असे. तिकडेही दगडाला टाकी लावावी लागेच. मधल्या भोकापासून कडेपर्यंत तिरप्या चऱ्या कोरलेल्या असत. त्या दाणा कातरतात, पीठ बाहेर ढकलतात आणि आत हवा खेळती ठेवतात, म्हणून पीठ करपत नाही.

या दगडाची किंमत माणसांनी मोजली. गारेची बारीक धूळ बंद खाणीत श्वासावाटे फुप्फुसांत जाई आणि कारागीर ऐन उमेदीत दगावत. त्या खाणींपैकी एक आता पाहण्यासाठी खुली आहे. आत गेल्यावर भिंतीतून अर्धवट सुटलेले, गोल कोरलेले दगड तसेच दिसतात. एका दगडाची वरची कड पूर्ण घडवलेली आहे आणि खालची बाजू अजून डोंगराला चिकटलेली आहे. टाकीचे घाव इतके स्पष्ट आहेत की कारागीर कोणत्या हाताने काम करीत होता याचा अंदाज बांधता यावा.

हुस्कवार्नामधील बंदुका घासणाऱ्या कामगारांचे दुःखही याच जातीचे असणार. शाण मोठी असेल आणि वेगाने फिरत असेल तर धुळीबरोबर दगड फुटण्याचाही धोका असतो.

कृष्णातीर

चर्चा उत्तम चालली आहे. मूळ मांडणीशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. पाण्याचा मालक कोण यावरून गावाचे भवितव्य ठरते असे सरोवरकाठ म्हणतात. मी मागे हुस्कवार्नाहून उत्तरेला सरोवराच्या काठाकाठाने ग्रेन्नाला गेले होते. त्याच्या दक्षिणेला रॉट्ले नावाची वाडी आहे. तिथेही नदी पठारावरून वेत्तेर्नमध्ये कोसळते आणि तिथेही जुन्या पाणचक्क्या आहेत. रास्मुसची चक्की सतराव्या शतकातील म्हणून ओळखली जाते, आणि येरुसालेम अशा नावाची दुसरी चक्की आहे. दोन्ही ठिकाणी डोंगर तोच, सरोवर तेच आणि पाण्याचा उतारही तसाच. असे असताना एक गाव कारखान्याचे झाले आणि दुसरे चित्रातल्यासारखे शांत राहिले. मला याचे कारण नदीच्या आकारात दिसते. रॉट्लेची नदी लहान आहे, तिच्या पाण्यावर मोठा उद्योग उभा राहूच शकला नसता. मालक कोणीही असता, तरी फरक पडला नसता.

रॉट्लेचे वर्णन थोडे सविस्तर करते, कारण तिथे जुनी रचना अजून डोळ्यांना दिसते. पाणी लाकडी पन्हाळीतून चाकाच्या माथ्यावर आणलेले असते. पन्हाळीच्या तोंडाशी एक फळी असते. ती वर ओढली की पाणी चाकावर येते आणि खाली दाबली की पाणी बाजूने वाहून जाते. चक्कीच्या आत वर लाकडी चाडे, म्हणजे दाणे ओतायचे पात्र, आणि त्याखाली तिरपी, हलती पेटी. फिरणाऱ्या दांड्याचा कोपरा त्या पेटीला सतत टकटक धक्के देतो आणि प्रत्येक धक्क्यासरशी चार दाणे तळीच्या तोंडात पडतात. चाक जोरात फिरले की धक्के वाढतात आणि दाणेही जास्त पडतात. म्हणजे पाणी वाढले की दाण्यांची वैरण आपोआप वाढते. एका लाकडी कोपऱ्याने हे साधावे, याचे मला मोठे कौतुक वाटले.

सरोवरकाठ

कृष्णातीरताई, रॉट्लेचा दाखला फार मोलाचा आहे आणि नदीच्या आकाराचा मुद्दा मला मान्य आहे. मात्र मालकीचा प्रश्न तिथेही आहेच, किंबहुना अधिक ठळकपणे आहे.

ग्रेन्ना आणि समोरचे विसिंग्सो बेट हा सगळा ब्राहे घराण्याच्या जहागिरीचा मुलूख होता. १५६२ मध्ये राजाने ती जहागीर थोरल्या पेर ब्राहेला दिली. त्याचा नातू धाकटा पेर ब्राहे (१६०२–१६८०) हा राज्याचा सर्वोच्च अधिकारी होता. तो फिनलंडचा गव्हर्नर जनरलही होता आणि तिथल्या विद्यापीठाच्या स्थापनेत त्याचा मोठा वाटा होता. त्याने १६५२ मध्ये ग्रेन्ना हे शहर वसवले आणि रॉट्लेच्या पाण्यावर धान्याच्या चक्क्यांबरोबर इतरही उद्योग उभे केले. म्हणजे लहान नदीवरही उद्योग उभा राहू शकत होता आणि तो प्रत्यक्षात उभा राहिलाही. १६८० मध्ये पेर ब्राहे वारला आणि त्याच सुमारास कार्ल अकराव्याने सरदारांच्या जहागिऱ्या सरकारजमा करण्याची मोहीम हाती घेतली. ब्राहेची जहागीरही गेली. ज्याच्या इच्छेने आणि पैशाने रॉट्लेचे उद्योग चालत होते, तो मालकच उरला नाही. त्यानंतर अवघ्या नऊ वर्षांनी त्याच राजाच्या अमलाखाली हुस्कवार्नाच्या धबधब्यावर बंदुकांचे काम एकवटले. ज्या काळात एका पाण्याचा आश्रयदाता गेला, त्याच काळात दुसऱ्या पाण्याला राजाश्रय मिळाला. नदीचा आकार हे कारण आहेच, पण ते एकमेव कारण नाही असे माझे मत आहे.

चाकणकर

मी वाहन उद्योगात, चाकण परिसरात काम करतो, म्हणून एक दुवा जोडतो. हुस्कवार्नाच्या मोटारसायकलींचा व्यवसाय १९८७ मध्ये इटलीच्या काजिवा कंपनीकडे गेला, २००७ मध्ये बीएमडब्ल्यूकडे आणि २०१३ मध्ये केटीएमच्या मालकांकडे. केटीएममध्ये बजाजची भागीदारी असल्याने २०१९ च्या डिसेंबरमध्ये गोव्यातील मोटारसायकल महोत्सवात स्वार्टपिलेन आणि विटपिलेन या गाड्या भारतात प्रथम दाखवल्या गेल्या आणि २०२० पासून चाकणच्या कारखान्यात तयार होऊन त्या विक्रीला आल्या. यंत्रकरवती आणि गवत कापण्याची यंत्रे बनवणारी मूळ कंपनी वेगळी असून तिचे काम हुस्कवार्नात अजूनही चालते. दोघांच्या बोधचिन्हाचे मूळ मात्र एकच आहे, बंदुकीच्या नळीच्या टोकावरून दिसणारी नेम धरण्याची खूण. आमच्याकडे जुळणी करणाऱ्या मुलांना हे सांगितले तेव्हा त्यांना मोठी उत्सुकता वाटली. नावातल्या चक्कीविषयी आता या धाग्यामुळे त्यांना सांगता येईल.

दळणवाट

एक शंका आहे. या चक्क्या बंद कधी पडल्या? आणि आज त्या पाण्यावर हक्क कोणाचा आहे?

सरोवरकाठ

बंद पडण्याची क्रिया एका दिवसात झाली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलादी रोलरच्या गिरण्या आल्या. त्यांचे पीठ अधिक पांढरे असे आणि लवकर खवट होत नसे, कारण दाण्याचा तेलकट अंकुर आधीच वेगळा होई. रेल्वेने हे पीठ लांबवर पोचू लागले आणि खेड्यातले दळण कमी झाले. त्याच सुमारास पाण्याला वीजनिर्मितीचे नवे गिऱ्हाईक मिळाले. १९१८ च्या जलकायद्याने बंधारे व वीजकेंद्रे यांसाठी एकसंध व्यवस्था केली. कित्येक जुन्या चक्क्यांच्या पाटावर लहान टर्बाइन बसले आणि चक्कीवाल्याचा नातू शेजाऱ्यांना वीज पुरवू लागला.

आजचा वाद याच लहान बंधाऱ्यांवरून आहे. स्वीडनमध्ये सुमारे दोन हजार जलविद्युत केंद्रे आहेत. बहुतेक वीज त्यांतील दोनेकशे मोठी केंद्रेच निर्माण करतात आणि उरलेली बरीचशी जुन्या चक्क्यांच्या किंवा लोहशाळांच्या जागी आहेत. युरोपीय संघाच्या २००० सालच्या जलविषयक निर्देशानंतर आणि २०१९ पासून लागू झालेल्या देशी तरतुदींनंतर प्रत्येक केंद्राला आधुनिक पर्यावरणीय अटींवर नवी परवानगी घेणे बंधनकारक झाले. त्यासाठी २०२० मध्ये देशव्यापी आराखडा मंजूर झाला. लहान केंद्रांच्या मालकांना हा खर्च झेपत नाही, म्हणून काहींनी बंधारा काढून टाकण्याचा मार्ग स्वीकारला. त्यावर स्थानिक इतिहासप्रेमींनी आक्षेप घेतला आणि २०२३ च्या आरंभी सरकारने ही प्रक्रिया काही काळ थांबवली.

यात दोन्ही बाजूंचे म्हणणे मला गंभीर वाटते. वेत्तेर्नमधील ट्राउट मासा अंडी घालण्यासाठी ओढ्यांत आणि नद्यांत चढतो. बंधाऱ्याने त्याची वाट अडते आणि पाणी साचून तळाची खडी गाळाने भरते. ‘राजाच्या धारे’मागचा विचारही हाच होता. दुसरीकडे, बंधारा काढला की पाटाला पाणी मिळत नाही, चाक कोरडे पडते, लाकूड तडकते आणि चारशे वर्षांची चक्की काही वर्षांत केवळ इमारत उरते. माझे मत असे आहे की सरसकट नियम लावू नये. जिथे नैसर्गिक धबधबाच इतका उंच आहे की मासा मुळात वर चढू शकत नव्हता, तिथे त्याच्या वरच्या अंगाचा जुना बंधारा पाडून माशांचे काही भले होत नाही. जिथे मुखाजवळ एखादाच बंधारा मैलोगणती वाट अडवतो, तिथे तो काढावा किंवा बाजूने माशांसाठी पायऱ्यांची वाट करावी. दर नदीची स्वतंत्र पाहणी करावी लागेल. त्यासाठी वेळ आणि पैसा खर्च झाला तरी तो करावा.

लोहभाता

बाजूच्या वाटेविषयी एक तांत्रिक पुस्ती. माशांसाठी बाजूने पाणी सोडले की चाकाचे पाणी तेवढे कमी होते, हा मालकांचा मुख्य आक्षेप असतो. पण केवळ दाखवण्यासाठी किंवा मर्यादित दळणासाठी फिरणाऱ्या जुन्या चाकाला अखंड पूर्ण प्रवाहाची गरज नसते. एका जोडीला काही किलोवॉट पुरतात आणि तेही आठवड्यातून काही तास. वीजनिर्मिती करणाऱ्या केंद्राचे गणित वेगळे आहे. या दोन प्रकारांना कायद्याने एकाच मापाने मोजू नये, असे मला वाटते.

कृष्णातीर

सरोवरकाठ, १६८० आणि १६८९ यांची सांगड माझ्या लक्षात आली नव्हती. माझा आग्रह थोडा सैल करते. पाण्याचा आकार मर्यादा ठरवतो आणि मालक त्या मर्यादेच्या आत दिशा ठरवतो, असे मांडले तर आपले दोघांचेही म्हणणे त्यात बसते.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा तिकडे येणार आहोत. हुस्कवार्नात नेमके काय आणि कोणत्या क्रमाने पाहावे, हे कृपया सांगावे.

सरोवरकाठ

सरोवराच्या काठावरून सुरुवात करावी. नदीच्या मुखाजवळ रुमलाबोर्गचा उंचवटा आहे, तो आधी पाहावा. तिथून नदीच्या कडेने वर चालत गेले की कारखान्याच्या जुन्या आवारातले संग्रहालय लागते. तिथे बंदुका, शिवणयंत्रे, चुली, सायकली आणि मोटारसायकली एकाच छताखाली मांडलेल्या आहेत. बंदुकीच्या नळ्या कशा घडवत हे समजून घ्यायचे असेल तर त्या दालनाला घाई न करता वेळ द्यावा. जवळच स्मेडब्यून ही लोहारांची जुनी वस्ती आहे. तिथल्या बैठ्या लाकडी घरांत आता हस्तकलेची दुकाने आहेत. त्याच्याही वर घळीत धबधबा आहे. बर्फ वितळण्याच्या दिवसांत, म्हणजे एप्रिलच्या सुमारास, पाणी सर्वाधिक असते. ऐन उन्हाळ्यात ते बरेच ओसरलेले असते, म्हणून जमल्यास मे महिन्याच्या आत यावे. रॉट्ले दुसऱ्या दिवसासाठी ठेवावे. दोन्ही नद्या लागोपाठ पाहिल्या की तुमचा पाण्याच्या आकाराचा मुद्दा जागेवरच तपासून पाहता येईल. निघण्यापूर्वी चक्की आणि संग्रहालय यांच्या वेळा पाहून घ्याव्यात, कारण हंगामानुसार त्या बदलतात.